श्वासरुग्णाच्या मांड्या
जीर्ण फुफ्फुसविकारातील पुनर्वसन आणि मांसपेशींचे विद्युत-उद्दीपन

जीर्ण श्वासविकाराचा रुग्ण समोर बसला की वैद्याची दृष्टी स्वाभाविकपणे उरःस्थानी स्थिर होते. श्वासाची गती, घुर्घुर ध्वनी, कफाचे स्वरूप, नखांचा वर्ण, निद्रेत होणारा अवरोध यांची आपण बारकाईने नोंद घेतो आणि ते योग्यच आहे. परंतु हा रुग्ण खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकवतो काय, त्याच्या मांड्यांचा घेर गेल्या वर्षीपेक्षा उतरला आहे काय, शौचालयापर्यंत जाण्यासाठी त्याला आधार लागतो काय, हे प्रश्न मात्र केसपेपरवर क्वचितच आढळतात. प्रस्तुत लेखाचा हेतू या उपेक्षित अवयवाकडे, म्हणजे श्वासरुग्णाच्या मांडीकडे, व्यवसायबंधूंचे लक्ष वेधणे हा आहे. ज्या रुग्णाला व्यायाम सांगता येत नाही अशाच्या मांडीला बळ देण्यासाठी आधुनिक पुनर्वसनशास्त्राने जो विद्युत-उद्दीपनाचा उपाय हाती घेतला आहे, त्याचे सामर्थ्य व मर्यादा येथे मांडावयाच्या आहेत.

प्रारंभीच एक शब्दखुलासा करणे इष्ट होईल. व्यवहारातील मराठीत ज्याला आपण ‘स्नायू’ म्हणतो तो आयुर्वेदीय परिभाषेतील स्नायू नव्हे. शारीरस्थानातील स्नायू ही बंधनकारक रचना आहे. येथे अभिप्रेत असलेली आकुंचनशील रचना म्हणजे पेशी, मांसधातूचेच विभक्त रूप. गोंधळ टळावा म्हणून या लेखात सर्वत्र ‘मांसपेशी’ हाच शब्द योजला आहे.

विकार उराचा, दौर्बल्य पायांचे

ज्या व्याधीला आधुनिक वैद्यक सीओपीडी म्हणते, तिचे आपल्या देशातील प्रमाण मोठे आहे. २०१८ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या राज्यनिहाय अभ्यासानुसार भारतातील रुग्णसंख्या १९९० साली २ कोटी ८१ लाख होती, ती २०१६ साली ५ कोटी ५३ लाखांवर गेली. हा केवळ धूम्रपान करणाऱ्यांचा आजार नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलेल्या लेखात या व्याधीच्या २५ ते ४५ टक्के रुग्णांनी आयुष्यात कधीही धूम्रपान केलेले नसते, असा अंदाज मांडला होता. लाकूड, गोवऱ्या, काटक्या यांच्या धुरात चुलीपुढे आयुष्य घालवलेल्या स्त्रिया आपल्यापैकी प्रत्येकाच्या चिकित्सालयात येतात. त्यांना वेगळे पुरावे नकोत.

या व्याधीत फुफ्फुसाची झालेली हानी बहुतांशी परत भरून येत नाही. तथापि रुग्णाची असमर्थता केवळ फुफ्फुसावर अवलंबून नसते, हे गेल्या तीन दशकांतील संशोधनाचे महत्त्वाचे फलित होय. क्वाड्रिसेप्स, म्हणजे मांडीच्या पुढील भागातील चार शिरांची पेशी, हिचे बळ या रुग्णांत समवयस्क निरोगी व्यक्तींच्या तुलनेत २० ते ३० टक्क्यांनी कमी आढळते. सुमारे एकतृतीयांश रुग्णांत हे दौर्बल्य स्पष्टपणे मोजता येते. पेशीतील तंतूंचा प्रकारही बदलतो. दीर्घकाळ न थकता काम करणारे, प्राणवायूवर चालणारे तंतू कमी होतात आणि लवकर थकणाऱ्या तंतूंचे प्रमाण वाढते. २००२ साली कॅनडातील व २००७ साली लंडनमधील अभ्यासकांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की, मांडीच्या पेशीचे आकारमान वा तिचे बळ यावरून या रुग्णांच्या आयुर्मर्यादेचे अनुमान करता येते. अर्थात मांडी हे केवळ चालण्याचे साधन नाही, ते साध्यासाध्यत्वाचे गमकही आहे.

असे का होते? दम लागतो म्हणून रुग्ण बसून राहतो. बसून राहिल्याने पेशी क्षीण होते. क्षीण पेशी थोड्याच श्रमात आम्लता निर्माण करते. ती आम्लता श्वसनाला अधिक वेग देते आणि तेवढ्याच चालण्यात पूर्वीपेक्षा अधिक दम लागतो. मग रुग्ण आणखी बसून राहतो. या चक्रात जीर्ण दाह, प्राणवायूची न्यूनता, अल्पाहार आणि वारंवार घेतलेली स्टेरॉइड औषधे भर घालतात. म्हणूनच मांडी सुधारली तर फुफ्फुस तसेच असतानाही दम कमी होऊ शकतो. फुफ्फुस-पुनर्वसनाचा सारा डोलारा या एका सत्यावर उभा आहे.

संहितांची दृष्टी

मांसक्षयाची लक्षणे सांगताना सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात ज्या अवयवांची शुष्कता वर्णिली आहे, त्यांत ऊरू आणि पिंडिका, म्हणजे मांडी आणि पोटरी, यांचा स्पष्ट निर्देश आहे. त्याच ठिकाणी गात्रांच्या सादाचाही, म्हणजे गळून जाण्याचाही, उल्लेख आहे. श्वासरुग्णाच्या पायांकडे पाहण्याची दृष्टी आपल्याला नव्याने उसनी घ्यावी लागत नाही. ती आपल्या ग्रंथांत आहेच, ती केसपेपरवर उतरलेली नाही एवढेच.

परंतु चिकित्सेचा विचार करताना एक खरी अडचण उभी राहते. सुश्रुताचार्यांनीच चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात ज्यांना व्यायाम वर्ज्य सांगितला आहे, त्यांत कृश, शोषी, श्वासी, कासी आणि क्षतपीडित यांचा समावेश होतो. दुसरीकडे आजचे पुनर्वसनशास्त्र श्वासरुग्णाला व्यायाम हाच प्रमुख उपाय म्हणून सांगते. मग वैद्याने काय करावे? या विरोधाकडे दुर्लक्ष करणे जसे अयोग्य, तसेच संहिता कालबाह्य झाली असे म्हणून मोकळे होणेही अयोग्य.

याचे उत्तर त्याच अध्यायातील व्यायामाच्या मात्रेत सापडते असे मला वाटते. व्यायाम बलार्धापर्यंतच करावा, आणि हृदयस्थ वायू मुखाशी येऊ लागणे, म्हणजे तोंडाने श्वास घ्यावा लागणे, हे बलार्धाचे लक्षण समजावे, असा तेथील आशय आहे. निरोगी मनुष्याला ही अवस्था येण्यास बराच श्रम करावा लागतो. आपल्या रुग्णाला ती अंगण ओलांडतानाच येते. त्याचे बलार्ध दहा पावलांत संपते. निषेध आहे तो या मर्यादेपलीकडील आयासाचा. पुनर्वसनातील व्यायाम हा तोलूनमापून, विश्रांती देत, देखरेखीखाली आणि व्याधीच्या स्थिर अवस्थेत दिला जातो. तो या मर्यादेच्या आत राहूनच बलार्धाची रेषा हळूहळू पुढे सरकवतो.

चरकाचार्यांचा विचारही येथे मार्गदर्शक ठरतो. हिक्का-श्वास चिकित्सेच्या अध्यायात ते शमन व बृंहण यांना कर्शनापेक्षा श्रेष्ठ मानतात. बृंहणातून काही अपाय झालाच तर तो अल्प व आवरता येण्याजोगा असतो, कर्शनातून होणारा मात्र गंभीर असतो, हे त्यामागील कारण. क्षीण श्वासरुग्णाचे मांस टिकवणे व वाढवणे हा चिकित्सेचा गाभा आहे, ही भूमिका आपल्या परंपरेतच आहे. प्रश्न उरतो तो इतकाच की, ज्याचे बलार्ध दहा पावलांचेही नाही, त्याच्या मांडीला काम द्यावे कसे?

विद्युत-उद्दीपन म्हणजे काय

विद्युत-उद्दीपन येथे उपयोगी पडते. मूळ कल्पना जुनी आहे. इटलीतील गाल्वानी यांनी १७९१ साली बेडकाच्या पायाचे विद्युतजन्य आकुंचन प्रसिद्ध केले आणि फ्रान्समधील द्युशेन यांनी १८५५ च्या आपल्या ग्रंथात त्वचेवरून विशिष्ट पेशीला विद्युत देण्याची पद्धती मांडली. पक्षाघात, शस्त्रक्रियेनंतरचे गुडघ्याचे दौर्बल्य, खेळाडूंचे प्रशिक्षण यांत तिचा उपयोग दीर्घकाळ होत आला. फुफ्फुसविकारात तिचा पद्धतशीर विचार सुरू झाला तो प्रामुख्याने या शतकाच्या प्रारंभी.

मांडीच्या पुढील भागावर चिकटपट्टीसारखे विद्युतफलक लावले जातात. त्यांतून अल्प कालावधीचे, ठरावीक वारंवारितेचे विद्युतस्पंद दिले जातात. हे स्पंद प्रत्यक्ष मांसतंतूंना नव्हे तर पेशीतील चेष्टावह नाडीच्या शाखांना उद्दीपित करतात आणि पेशी दृश्यपणे आकुंचित होते. रुग्ण पडून वा बसून असतो. मोठ्या पेशीसमूहाला एकाच वेळी काम न मिळता मर्यादित पेशीला काम मिळत असल्यामुळे हृदय व श्वसन यांवरील भार अल्प राहतो. वजन उचलण्याच्या व्यायामापेक्षा उद्दीपनाच्या वेळी प्राणवायूचा खर्च व दम दोन्ही कमी असतात, हे मोजमापांनी दिसून आले आहे. आयासाविना आकुंचन, असे याचे वर्णन करता येईल. मात्र संहितांत विद्युत-चिकित्सा सांगितली आहे, असा ओढूनताणून अर्थ कोणी काढू नये. तशी ती सांगितलेली नाही. आपण आपल्या तत्त्वांच्या प्रकाशात एका नव्या साधनाचे परीक्षण करीत आहोत, एवढेच.

स्वेच्छेने होणाऱ्या आकुंचनापेक्षा हे आकुंचन भिन्न असते, हेही ध्यानात ठेवावे. आपण स्वतः पाय उचलतो तेव्हा शरीर वेगवेगळ्या तंतूंना आळीपाळीने काम देते. विद्युत मात्र फलकाखालील त्याच त्या तंतूंना पुनःपुन्हा चाळवते, त्यामुळे पेशी लवकर थकते. म्हणून उद्दीपनाच्या मधल्या विश्रांतीचा काळ आकुंचनाच्या काळापेक्षा बराच अधिक ठेवावा लागतो.

अभ्यासांनी काय दाखवले

२००२ साली ‘थोरॅक्स’ या नियतकालिकात नेडर व सहकाऱ्यांनी १५ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. घरच्या घरी सहा आठवडे मांडीचे उद्दीपन केल्यावर पेशीचे बळ व श्रमसहिष्णुता वाढली आणि दैनंदिन कामांतील दम कमी झाला. २००३ साली इटलीतील झानोत्ती व सहकाऱ्यांनी ‘चेस्ट’मध्ये अधिक गंभीर रुग्णांचा अनुभव मांडला. कृत्रिम श्वसनावर असलेल्या, शय्येला खिळलेल्या २४ रुग्णांपैकी ज्यांना अवयवांच्या हालचालीबरोबर उद्दीपनही दिले गेले ते सरासरी सुमारे ११ दिवसांत शय्येवरून खुर्चीत बसू लागले, इतरांना १४ दिवसांहून अधिक काळ लागला. खुर्चीत तीन दिवस आधी बसणे ही बाब कागदावर लहान दिसते. ज्याने असा रुग्ण घरी सांभाळला आहे त्याला तिचे मोल विचारावे.

नेदरलँडमधील सिलेन व सहकाऱ्यांनी २०१४ साली १२० रुग्णांत उच्च वारंवारितेचे उद्दीपन, अल्प वारंवारितेचे उद्दीपन आणि वजनांचा व्यायाम यांची तुलना केली. ७५ हर्ट्झचे उद्दीपन वजनांच्या व्यायामाच्या तोडीचे ठरले, १५ हर्ट्झचे मात्र मागे पडले. २०१६ साली लंडनमधील मॅडॉक्स व सहकाऱ्यांनी तीव्र व्याधीच्या ५२ रुग्णांपैकी काहींना खरे तर काहींना नाममात्र उद्दीपन रोज अर्धा तास, सहा आठवडे दिले. सहा मिनिटांत चाललेले अंतर खरे उद्दीपन मिळालेल्या गटात सुमारे ३६ मीटरने सरस ठरले. या चाचणीत सुमारे ३० मीटरचा फरक रुग्णाला जाणवण्याजोगा मानला जातो. हा लाभ टिकवावा कसा यासाठी अधिक अभ्यास हवा, असेही त्यांनी नमूद केले आहे.

२०१८ साली कॉक्रेन संस्थेने १९ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. उद्दीपनाने पेशीचे बळ व सहनशक्ती वाढते, आणि अतिदुर्बल रुग्ण शय्येबाहेर सुमारे पाच दिवस आधी बसू शकतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. परंतु पुराव्याचा दर्जा कमी आहे, आणि जो रुग्ण नेहमीचा व्यायाम करूच शकतो त्याला उद्दीपनाची जोड दिल्याने विशेष लाभ होतो असे ठामपणे म्हणता येत नाही, असेही त्यात नमूद आहे. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीच्या २०१३ सालच्या मार्गदर्शिकेचा सूरही असाच सावध होता. कृश, मांडीचे दौर्बल्य असलेल्या आणि पुनर्वसनात सहभागी होऊ न शकणाऱ्या निवडक रुग्णांतच, तेही जाणकार उपलब्ध असल्यास, याचा विचार करावा असे तीत सुचवले होते.

एक इशारा

उत्साहाच्या भरात एक अभ्यास विसरून चालणार नाही. इंग्लंडमधील लेस्टर परिसरात ग्रीनिंग व सहकाऱ्यांनी जीर्ण श्वसनविकाराच्या वेगावस्थेत रुग्णालयात दाखल झालेल्या ३८९ रुग्णांचा अभ्यास २०१४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. निम्म्या रुग्णांना दाखल झाल्यापासून ४८ तासांच्या आत चालणे, वजनांचा व्यायाम आणि विद्युत-उद्दीपन सुरू केले गेले. वर्षभरात पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण घटले तर नाहीच, उलट एका वर्षातील मृत्यूंचे प्रमाण या गटात अधिक आढळले. त्याचे नेमके कारण निश्चित झाले नाही, आणि केवळ उद्दीपनाला दोष देता येत नाही हेही खरे. तरीही वेगावस्थेत घाईने लादलेले श्रम हितकर ठरतीलच असे नाही, एवढा बोध त्यातून निश्चित घ्यावा. व्याधीचा वेग आणि वेगान्तर यांत चिकित्सा भिन्न असते, हे वैद्याला नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही.

कोणाला द्यावे, कोणाला नाही

वरील विवेचनावरून पात्र रुग्णाचे चित्र स्पष्ट होते. व्याधी स्थिर आहे, परंतु दम इतका की घराबाहेर पडवत नाही, कपडे बदलतानाही थांबावे लागते. मांड्या उतरल्या आहेत. किंवा दीर्घ रुग्णालयवासातून नुकताच घरी आलेला, धोका टळलेला, पण उभा राहू न शकणारा रुग्ण. याउलट जो रुग्ण रमतगमत का होईना पाव किलोमीटर चालतो, त्याला यंत्राची नव्हे, चालण्याची योजना द्यावी.

हृदयात पेसमेकर वा तत्सम विद्युतयंत्र बसवलेले असणे, गर्भावस्था, पायातील शिरेत रक्ताची गुठळी असल्याचा संशय, फलकाच्या जागी व्रण, विसर्प वा अर्बुद असणे, या स्थितींत उद्दीपन देऊ नये. अपस्माराच्या रुग्णांत ते तज्ज्ञाच्या संमतीवाचून देऊ नये. मधुमेहामुळे ज्याच्या पायांची संवेदना मंदावली आहे त्याला प्रवाहाची तीव्रता कळत नाही व त्वचा भाजू शकते, म्हणून प्रथम संवेदनेची परीक्षा करावी. गळ्याच्या पुढील भागावर वा छातीवर फलक कधीही लावू नयेत. ‘फुफ्फुसाला करंट दिला की फुफ्फुस मोकळे होते’ अशी भाषा कोणी केल्यास तिचे तत्काळ निराकरण करावे.

व्यवहारातील पद्धती

ही चिकित्सा फिजिओथेरपिस्टने ठरवावी व प्रारंभीची सत्रे त्याच्याच देखरेखीखाली व्हावीत. तथापि रुग्ण घरी गेल्यावर प्रश्न आपल्यालाच विचारतो, म्हणून रूपरेषा ज्ञात असावी. बहुतेक यशस्वी अभ्यासांत ३५ ते ७५ हर्ट्झ वारंवारिता आणि ३०० ते ४०० मायक्रोसेकंदांचे स्पंद वापरले गेले. सत्र अर्ध्या तासाचे ते तासाभराचे, आठवड्यातून तीन ते सात दिवस, सहा ते आठ आठवडे. प्रवाह इतका हवा की पेशी डोळ्यांना दिसेल अशी आवळली पाहिजे. केवळ मुंग्या आल्या तर बळ वाढत नाही. सहन होईल तसा प्रवाह सत्रागणिक वाढवत न्यावा लागतो.

आपल्या चिकित्सेशी निगडित एक सूचना येथे आवर्जून करावीशी वाटते. श्वासरुग्णाला आपण अभ्यंग व स्निग्ध स्वेद देतो. तेल लावलेल्या त्वचेवर फलक नीट चिकटत नाहीत, प्रवाह एकाच बिंदूतून जातो आणि त्वचा लाल होते वा भाजते. म्हणून उद्दीपन आधी, कोरड्या व स्वच्छ त्वचेवर द्यावे आणि अभ्यंग त्यानंतर करावा. सकाळचे उद्दीपन व सायंकाळचा अभ्यंग असा क्रम रुग्णाला सहज पाळता येतो. स्वेदनानंतर लगेचही फलक लावू नयेत, घामाने ते सुटतात.

प्रगतीचे मापन साधे आहे. मांडीचा घेर गुडघ्याच्या वाटीपासून ठरावीक अंतरावर, प्रत्येक वेळी त्याच जागी मोजावा. हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठण्या-बसण्यास किती सेकंद लागतात ते नोंदवावे. या चाचणीत सुमारे १.७ सेकंदांची घट अर्थपूर्ण मानली जाते. वजनकाट्यावर मात्र विसंबू नये. मेद वाढून मांस घटले तर वजन तेच राहते आणि क्षय झाकला जातो.

एक अनुभव

गेली कित्येक वर्षे माझ्याकडे येणाऱ्या एकसष्ट वर्षांच्या एका रुग्णेचा उल्लेख करतो. चुलीच्या धुरात चाळीस वर्षे स्वयंपाक केलेला. तीव्र वेगानंतर रुग्णालयातून घरी आल्या तेव्हा पलंगाच्या कडेला बसणेही कठीण झाले होते. फुप्फुसतज्ज्ञांची श्वासमार्गे घ्यावयाची औषधे सुरू होती. त्यात मी कोणताही बदल केला नाही. त्यांचे दुःख दम लागण्याचे होते त्याहून अधिक पराधीनतेचे होते. “सुनेला भांडं उचलायला लावते हो वैद्यराज, याच्यापेक्षा देवानं न्यावं,” असे त्या म्हणाल्या.

तज्ज्ञांची संमती घेऊन, वेग पूर्ण शांत झाल्यावर, तालुक्याच्या फिजिओथेरपिस्टकडून उद्दीपन सुरू केले. पहिले दोन आठवडे काहीच फरक नव्हता आणि घरच्यांचा धीर सुटू लागला होता. तिसऱ्या आठवड्यात त्या कडेला बसून स्वतः जेवू लागल्या. सहाव्या आठवड्याच्या अखेरीस काठी टेकत, मध्ये एकदा थांबून, शौचालयापर्यंत जाऊ लागल्या. त्यानंतर यंत्र बंद करून रोजच्या चालण्याची पावले वाढवत नेली. श्वसनक्षमतेच्या चाचणीतील आकडे होते तेथेच राहिले. पुढच्या थंडीत पुन्हा वेग आला, काही कमावलेले गेले आणि ते नव्याने मिळवावे लागले. एका रुग्णावरून सिद्धान्त होत नाही, आणि यात आहार, अभ्यंग व घरच्यांची शुश्रूषा यांचा वाटा किती हे वेगळे काढता येत नाही. तरीही फुफ्फुस न सुधारता मनुष्य सुधारू शकतो, हे या रुग्णेने मला दाखवले.

वैद्याचे कार्य

पेशीला उद्दीपन मिळाले तरी मांस अन्नातूनच घडते. म्हणून आहाराचे नियोजन हे या चिकित्सेचे दुसरे चाक होय, आणि येथे वैद्याचा अधिकार निर्विवाद आहे. कफाच्या भीतीने दूध, तूप, मांसरस, डाळी सारे बंद करून रुग्णाला पेजेवर ठेवण्याची प्रथा घरोघरी आढळते. अग्निबल पाहून मुगाचे कढण, सुंठीसह सिद्ध केलेले दूध, मांसाहारी रुग्णास मांसरस, जुन्या तांदळाचा मऊ भात थोड्या तुपासह द्यावा. एकाच वेळी पोटभर खाल्ल्याने दम वाढतो, म्हणून थोडे-थोडे व वारंवार द्यावे. बृंहण हे अग्नीला झेपेल तेवढेच बृंहण असते, अन्यथा आमच वाढतो. मधुमेह वा वृक्कविकार सोबत असल्यास योजना त्यानुसार बदलावी.

दुसरे कार्य औषधांच्या छाननीचे. दम्यावर रामबाण म्हणून विकल्या जाणाऱ्या निनावी पुड्यांत स्टेरॉइडची भेसळ आढळल्याची उदाहरणे आहेत. अशी पुडी दोन दिवसांत दम उतरवते आणि दोन वर्षांत मांड्या खाऊन टाकते. स्टेरॉइडने मांसपेशींचा, विशेषतः मांडी व खांद्यालगतच्या पेशींचा, क्षय होतो हे सर्वमान्य आहे. प्रत्येक श्वासरुग्णाला ‘आणखी काय घेता?’ हा प्रश्न विचारावा आणि पुडी आढळल्यास ती एकाएकी न थांबवता तज्ज्ञाच्या सल्ल्याने सोडवावी. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड अचानक बंद करणे जीवघेणे ठरू शकते.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी

औषधालयांत मिळणारी लहान विद्युतयंत्रे बहुधा ‘टेन्स’ प्रकारची असतात. त्यांचे कार्य वेदनाशमनाचे. त्यांतील प्रवाह संवेदनेच्या पातळीवरचा असतो, तो पेशीला बळ देण्यासाठी योजलेला नसतो. पोट कमी करण्याचे म्हणून विकले जाणारे विद्युतपट्टे हा तर आणखी निराळा प्रकार. यांपैकी कोणतेही यंत्र श्वासरुग्णाच्या मांडीसाठी म्हणून देणे म्हणजे रुग्णाचा पैसा आणि त्याहून मोलाचा वेळ व्यर्थ घालवणे होय. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आणली गेली आहेत, म्हणून अशा यंत्राची विक्री ही केवळ सौजन्याची बाब राहिलेली नाही. यंत्र मागणाऱ्याला तीन प्रश्न विचारावेत. हे कोणी लिहून दिले? पेसमेकर आहे काय? प्रथम वापर कोण शिकवणार आहे? उत्तरे समाधानकारक नसतील तर विक्री टाळून योग्य जागी पाठवावे. गिऱ्हाईक एक कमी होईल, विश्वास वाढेल.

समारोप

विद्युत-उद्दीपन हे फुफ्फुसाचे औषध नाही, व्यायामाचा पर्याय नाही आणि श्रीमंतांची चैनही नाही. ज्याचे बलार्ध पलंगाच्या कडेशी संपते त्याला चालण्यापर्यंत आणून सोडणारा तो एक पूल आहे. पूल ओलांडल्यावर त्यावर थांबून राहावयाचे नसते. पुढची वाट पायांनीच चालावयाची असते आणि ती सोडली तर कमावलेले बळ ओसरते.

यंत्र प्रत्येक गावी पोहोचेल तेव्हा पोहोचेल. तोवर मोजपट्टी आणि एक खुर्ची प्रत्येक चिकित्सालयात आहेच. पुढच्या श्वासरुग्णाची छाती तपासून झाली की त्याला एकदा हात न टेकता उभे राहण्यास सांगावे, मांडीचा घेर मोजावा आणि तो आकडा केसपेपरवर लिहावा. तीन महिन्यांनी तो आकडा पुन्हा मोजणाऱ्या वैद्याला या लेखातील उरलेले सारे रुग्णच शिकवेल.